जुना ट्रक घेतलाय? गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं की तसंच ठेवायचं?

मंडळी, सेकंड हँड ट्रक दारात उभा राहिला की फुकटचे सल्ले सुरू होतात. एक मिस्त्री म्हणतो, "शेठ, आधी सगळी ऑइलं बदला, मग गाडी लोडला लावा." दुसरा म्हणतो, "गिअर नीट पडतोय ना? मग गिअरबॉक्सला हात लावू नका. जुनं ऑइल काढलं की गिअरबॉक्स बसतो." तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवतो आणि त्यात तिसरंच काहीतरी असतं.

इंजिन ऑइलच्या बाबतीत असा घोळ होत नाही. ते वेळेवर बदलायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. गिअरबॉक्सचं ऑइल मात्र वर्षानुवर्षं कुणाच्या नजरेसच पडत नाही. बहुतेक मॅन्युअल ट्रकमध्ये ते तपासायला डिपस्टिक नसते आणि ते कमी झालं म्हणून डॅशबोर्डवर दिवाही लागत नाही. त्यामुळे निर्णय ऐकीव गोष्टींवर होतो.

हा निर्णय चुकला तर महागात पडतो. ऑइल बदलायचा खर्च काही हजारांत निघतो. पण गिअरबॉक्स खाली उतरवायची वेळ आली तर मजुरी, बेअरिंग, रिंगा आणि गाडी उभी राहिल्याचे दिवस, सगळंच अंगावर येतं. गाडी उभी असली तरी बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

म्हणूनच आज बघूया, जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्सचं ऑइल बदलायचं की नाही, हे नेमकं कसं ठरवायचं.

थोडक्यात उत्तर

घाईत असाल तर एवढं लक्षात ठेवा.

• हाताने गिअर टाकायचा ट्रक असेल आणि ऑइल कधी बदललं याचा कागद नसेल, तर ते तपासा आणि बदला. "हात लावू नका" हा सल्ला या गाडीला लागूच होत नाही.

• गाडी खरीखुरी ऑटोमॅटिक असेल, तर ऑइल बदलण्याइतकंच ते कसं बदलता यालाही महत्त्व आहे.

• गिअर सटकतोय, घरघर येतेय, गिअर टाकताना कर्रर्र होतंय, असं असेल तर नुसतं ऑइल बदलून गिअरबॉक्स बरा होणार नाही. आधी कारण शोधा, मग खर्च करा.

आता हे असं का, ते सविस्तर पाहू.

आधी बघा, गिअरबॉक्स कोणता आहे?

आपल्या रस्त्यांवरचे जुने ट्रक, टेम्पो आणि पिकअप बहुतेक मॅन्युअल आहेत. टाटा ४०७ घ्या, बोलेरो पिकअप घ्या, नाहीतर आयशर किंवा अशोक लेलँडचा जुना मोठा ट्रक घ्या. क्लच दाबायचा आणि दांडा हलवायचा. यात सहसा गिअर ऑइल असतं. ते दिसायला मधासारखं आणि वासाला उग्र, गंधकासारखं असतं.

दुसरा प्रकार एएमटी. अलीकडच्या काही ट्रक-बसमध्ये क्लचचं पेडलच नसतं, म्हणून लोक त्यांना सरसकट 'ऑटोमॅटिक' म्हणतात. पण आतला गिअरबॉक्स मॅन्युअलच्याच जातीचा असतो. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ड्रायव्हरऐवजी हवेच्या दाबावर किंवा हायड्रॉलिकवर चालणारी यंत्रणा करते, एवढाच फरक. त्यामुळे गिअरबॉक्सच्या ऑइलचा प्रश्न आला की एएमटीला मॅन्युअलच्याच रांगेत बसवा.

तिसरा प्रकार म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरवाला खरा ऑटोमॅटिक. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपची ऑटोमॅटिक मॉडेल्स आणि ॲलिसनचा गिअरबॉक्स असलेल्या काही बस-टिपर या प्रकारात येतात. यात एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड असतं. ते पातळ आणि बहुतेकदा लाल रंगाचं असतं.

बराचसा गोंधळ इथेच होतो. अमेरिकेत 'ट्रक' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बऱ्याचदा पिकअप येते आणि तिथल्या बहुतेक पिकअप ऑटोमॅटिक असतात. "जुन्या ट्रकचं ट्रान्समिशन फ्लुइड बदलू नका" असं इंटरनेटवर दिसतं, ते बहुतेक वेळा त्या गाड्यांबद्दल असतं. तोच सल्ला आपण मॅन्युअल ट्रकला लावतो आणि फसतो.

हे ऑइल नेमकं करतं काय?

मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये दात्यांना दाते भिडलेले असतात आणि सगळा लोड त्यांच्यावर असतो. ऑइल या दात्यांमध्ये पातळ थर धरतं, म्हणून लोखंडावर लोखंड थेट घासत नाही. गिअर फिरताना हे ऑइल वर उडतं आणि बेअरिंगपर्यंत पोचतं. आतली उष्णता ते बाहेरच्या कवचापर्यंत नेतं आणि आतल्या भागांना गंजापासून वाचवतं.

इंजिनात जळण होतं, काजळी तयार होते, म्हणून इंजिन ऑइल लवकर काळं पडतं. गिअरबॉक्समध्ये काहीच जळत नाही, त्यामुळे तिथलं ऑइल पुष्कळ जास्त टिकतं. पण जास्त टिकतं म्हणजे कायम टिकतं असं नाही. उष्णतेने ते जुनं होतं, दाते वाचवण्यासाठी मिसळलेली रसायनं संपत जातात आणि धातूचा बारीक चुरा साचत राहतो. अनेक मॅन्युअल गिअरबॉक्सना फिल्टरच नसतो. म्हणजे तळाच्या चुंबकाला चिकटेल तेवढा चुरा सोडला, तर बाकीची घाण बाहेर जायचा एकच रस्ता: ऑइल बदलणं.

ऑटोमॅटिकमध्ये या ऑइलवर आणखी तीन जबाबदाऱ्या असतात. इंजिनाची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून पुढे नेणं, दाब तयार करून गिअर बदलणं आणि आतल्या क्लच प्लेटना योग्य पकड देणं. त्यामुळे तिथे ऑइल बिघडलं की परिणाम लवकर दिसतो आणि चुकीचं ऑइल टाकलं तर नुकसानही मोठं होतं.

"जुनं ऑइल काढलं की गिअरबॉक्स बसतो", यात किती तथ्य?

या समजुतीमागे एक तर्क आहे. ऑटोमॅटिकमधल्या क्लच प्लेट झिजतात आणि त्यांचा चुरा ऑइलमध्ये मिसळतो. काहींच्या मते त्या चुऱ्यामुळेच झिजलेल्या प्लेटना थोडीफार पकड मिळते. नवं, स्वच्छ ऑइल टाकलं की ती पकड जाते आणि गिअर स्लिप होऊ लागतो. शिवाय मशीन लावून जोराने फ्लश केलं, तर साचलेला गाळ सुटून आतल्या अरुंद वाटांमध्ये अडकू शकतो. प्लेट आधीच संपलेल्या गिअरबॉक्सच्या बाबतीत हा धोका अगदीच खोटा नाही.

पण या समजुतीला सर्वात जास्त खतपाणी मिळतं ते घटनांच्या क्रमातून. मालक वर्षानुवर्षं ऑइल बदलत नाही. एक दिवस गिअर स्लिप व्हायला लागतो, तेव्हा घाबरून तो ऑइल बदलतो. महिन्याभरात गिअरबॉक्स बसतो आणि खापर नव्या ऑइलवर फुटतं. दुखणं अंगावर काढायचं, शेवटच्या घटकेला दवाखाना गाठायचा आणि मग डॉक्टरच्या हाताला यश नाही म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार!

मॅन्युअलमध्ये तर हा तर्कच टिकत नाही. तिथे ताकद दात्यातून दात्यात जाते. ट्रकचा क्लच कोरडा असतो, वेगळ्या घरात असतो आणि गिअर ऑइलशी त्याचा संबंध येत नाही. जुन्या ऑइलमधल्या चुऱ्याने गिअरचा कसलाच फायदा होत नाही. तो चुरा दाते आणि बेअरिंग घासत राहतो, एवढंच.

एक गोष्ट मात्र खरी आहे. ऑइल बदलल्यावर कधीकधी आधी नसलेला आवाज ऐकू येतो. याचं कारण बऱ्याचदा हे असतं की आवाज दबावा म्हणून आधी कुणीतरी गरजेपेक्षा जाड ऑइल भरलेलं असतं. योग्य ऑइल भरलं की झीज ऐकू येते. ती झीज आधीपासूनच होती, जाड ऑइलने ती फक्त झाकली होती.

आणि 'लाइफटाइम ऑइल'चं काय? काही कंपन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदलायची गरज नाही असं सांगतात. पण कुणाचं आयुष्य, हा प्रश्न उरतोच. पहिल्या मालकाने गाडी विकेपर्यंतचं, की तुम्ही ती भंगारात काढेपर्यंतचं? झेडएफ ही जर्मन कंपनी जगभरातल्या अनेक गाड्यांसाठी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवते. अशा गिअरबॉक्सचं ऑइल साधारण ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा ८ वर्षांनी बदला, असं ही कंपनी स्वतः सांगते. गिअरबॉक्स बनवणारेच असं म्हणत असतील, तर सेकंड हँड गाडी घेणाऱ्याने 'लाइफटाइम'वर विसंबू नये हे बरं.

ठरवण्याआधी गाडीचा इतिहास काढा

पहिली गोष्ट म्हणजे कागद. सर्व्हिसचं बिल, तारीख आणि किलोमीटर बघा. विकणारा नुसतं तोंडी "बदललंय" म्हणाला, तर नाही बदललं असंच धरा. मीटरवरच्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका. गाडी किती वर्षांची आहे आणि काय काम करत होती, हे जास्त महत्त्वाचं.

हायवेवर हलका माल नेणारी गाडी आणि हंगामभर शेतातून कारखान्याकडे ऊस ओढणारी गाडी, यांची झीज एकसारखी होत नाही. खाणीतले टिपर, वाळू-खडीच्या गाड्या आणि रोज घाट चढणारे ट्रक यांच्या गिअरबॉक्सला जास्त ताप सोसावा लागतो. म्हणूनच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये अशा कामासाठी ऑइल बदलायचं अंतर कमी दिलेलं असतं.

दुसरा प्रश्न विचारा: गाडी कधी टोचन लावून लांबून आणली होती का? इंजिन बंद असताना मागची चाकं रस्त्यावर फिरली की प्रोपेलर शाफ्टमधून गिअरबॉक्सचा मेन शाफ्टही फिरतो. पण ऑइल वर उडवणारा खालचा शाफ्ट न्यूट्रलमध्ये थांबलेलाच राहतो. म्हणजे बेअरिंग ऑइलशिवाय फिरतात. म्हणूनच ट्रक लांब ओढायचा असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट सोडवतात. तो न सोडवता आणलेल्या गाडीचा गिअरबॉक्स नीट तपासलाच पाहिजे.

तिसरा प्रश्न पाण्याचा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात होत्या. गिअरबॉक्सला हवा घ्यायला-सोडायला एक छोटं ब्रीदर असतं. तापलेला गिअरबॉक्स गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. गाडी बाहेरून धुऊन चकाचक होते, आतलं पाणी आतच राहतं.

चालवून बघा, पण गाडी गार असताना

विकणाऱ्याला सांगा, मी यायच्या आधी गाडी सुरू करू नका. तापलेल्या गाडीत काही दोष लपतात. मग हे तपासा.

• इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, क्लच सोडलेला. घरघर येतेय आणि क्लच दाबला की थांबतेय? मग गिअरबॉक्समधलं बेअरिंग गेलेलं असण्याची शक्यता आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येत असेल, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर संशय घ्या.

• प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा आणि एकदम सोडा. दांडा आपोआप न्यूट्रलमध्ये सटकत असेल, तर आत झीज आहे.

• वरच्या गिअरमधून खालच्या गिअरमध्ये येताना कर्रर्र होतंय? सिंक्रो रिंग झिजल्या असतील किंवा क्लच पूर्ण सुटत नसेल. दोन्हीची दुरुस्ती वेगळी आहे, म्हणून आधी क्लच तपासून घ्या.

• रिव्हर्स टाकताना थोडा आवाज आला तर लगेच घाबरू नका. अनेक ट्रकमध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतोच.

• गाडीखाली वाकून बघा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाजवळ आणि मागे प्रोपेलर शाफ्ट लागतो तिथे ओल आहे का? ऑइल गळत असेल तर ते जुनं आहे की नवं, हा प्रश्न दुय्यम. ते पुरेसं आहे का, हा पहिला प्रश्न.

आता ऑइल स्वतः काय सांगतंय ते बघा

मॅन्युअल गिअरबॉक्सला सहसा दोन बोल्ट असतात. बाजूचा बोल्ट भरण्यासाठी आणि तळाचा काढण्यासाठी. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. मग बाजूचा बोल्ट उघडा. बहुतेक गाड्यांमध्ये ऑइल त्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत असायला हवं. थोडं ऑइल बोटावर घ्या आणि उजेडात बघा.

• मधासारखं किंवा तपकिरी: ठीक आहे. उग्र गंधकाचा वास हा गिअर ऑइलचा मूळ वासच आहे.

• काळं आणि जळका वास: ऑइल खूप तापलंय किंवा फार जुनं झालंय. बदला.

• दुधट किंवा राखाडी: पाणी शिरलंय. लवकरात लवकर बदला आणि पाणी कुठून आलं ते शोधा.

• सोनेरी चमक: पितळी सिंक्रो रिंगांची झीज. अगदी थोडी असेल तर चालतं, ऑइल चमचमत असेल तर रिंगा संपत आल्यात.

• तळाच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी मलमासारखा थर: वापरलेल्या गिअरबॉक्समध्ये हा असतोच.

• चुंबकावर किंवा ऑइलमध्ये धातूचे तुकडे, कपच्या किंवा दात्याचा भाग: गाडी चालवू नका, गिअरबॉक्स उघडा.

ऑटोमॅटिकमध्ये लाल एटीएफ वापराने तपकिरी होतं. नुसत्या रंगावरून निकाल देऊ नका, पण जळका वास आणि काळपट रंग एकत्र आले तर आतल्या क्लच प्लेट जळाल्याची शंका घ्या. ऑइल गुलाबी आणि दुधट दिसलं तर रेडिएटरचं पाणी त्यात मिसळत असू शकतं. तसं असेल तर गाडी थांबवा, कारण पाण्याने क्लच प्लेट लवकर खराब होतात.

मग नेमकं काय करायचं?

गाडी मॅन्युअल किंवा एएमटी आहे, नीट चालतेय आणि बिल नाही: बदला. इथे गमावण्यासारखं काही नाही. निघालेल्या ऑइलवरून गिअरबॉक्सची आतली अवस्था कळते, हा वर फायदा.

बिल आहे, अंतर मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत आहे आणि ऑइल स्वच्छ आहे: फक्त लेव्हल बघा, गळती बघा आणि गाडी चालवा. चांगलं ऑइल उगाच फेकू नका.

ऑइल दुधट आहे: पाणी शिरण्याची जागा बंद करा, ऑइल बदला, थोडं अंतर चालवा आणि पुन्हा बदला. एका वेळेत सगळं पाणी निघत नाही.

आवाज येतोय, गिअर सटकतोय: ऑइल काढून त्यात काय निघतं ते बघा. तुकडे नसतील आणि लेव्हल खूप कमी असेल, तर योग्य ऑइल भरल्यावर थोडा फरक पडू शकतो. पण झिजलेला दाता किंवा रिंग ऑइलने परत येत नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीतून कमी करून घ्यायची वेळ ही आहे, व्यवहार झाल्यावर नाही.

खरी ऑटोमॅटिक आहे, नीट चालतेय आणि इतिहास माहीत नाही: बदला, पण पुढे सांगितलेल्या पद्धतीने.

ऑटोमॅटिक आहे आणि आधीच स्लिप होतेय: आधी जाणकाराकडून लेव्हल, दाब आणि संगणकातले एरर कोड तपासून घ्या. ऑइल कमी असल्यामुळे स्लिप होत असेल तर ते सुटेल. प्लेट जळाल्या असतील तर ऑइल बदला किंवा नका बदलू, गिअरबॉक्स उघडावाच लागेल.

कोणतं ऑइल भरायचं?

इथे एकच नियम: गाडीच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. दुकानदार देतो ते नाही आणि शेजाऱ्याच्या गाडीत आहे तेही नाही.

डब्यावर ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० असे आकडे दिसतील. ही ऑइलची जाडी. हे ९० आणि इंजिन ऑइलचं ४० यांची थेट तुलना करू नका, दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. प्रत्यक्षात तापलेल्या अवस्थेत ९० नंबरचं गिअर ऑइल साधारण ४० ते ५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं.

दुसरी खूण म्हणजे जीएल-४ किंवा जीएल-५. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून ते ऑइल भारी, असं नाही. जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलसाठी, म्हणजे गॅरेजच्या भाषेत क्राऊनसाठी असतं. त्यात दाते वाचवणारी रसायनं जास्त असतात. त्यातली काही ऑइलं पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत किंवा त्यांची पकड कमी करतात. म्हणून मॅन्युअलमध्ये जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-४ च भरा. क्राऊनचं ऑइल वेगळं असतं आणि त्याचीही बदलायची वेळ वेगळी तपासावी लागते. काही मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तर कंपनीच इंजिन ऑइल किंवा एटीएफ भरायला सांगते, म्हणून अंदाजाने काहीच भरू नका.

आवाज कमी व्हावा म्हणून १४० नंबरचं जाड ऑइल भरायचा मोह टाळा. गार सकाळी ते नीट पसरत नाही, गिअर जड पडतो आणि आवाज दबला तरी झीज सुरूच राहते.

ऑटोमॅटिकमध्ये तर डब्यावरचा प्रकार तंतोतंत जुळला पाहिजे. डेक्सरॉन, मर्कॉन, टोयोटाचं डब्ल्यूएस, ॲलिसनची टीईएस मानकं, ही सगळी एकमेकांच्या जागी चालतात असं धरू नका.

ऑइल सीलबंद डब्यातलं आणि बिलावरच घ्या.

बदलताना या गोष्टी विसरू नका

१. थोडं अंतर चालवून ऑइल कोमट करा. कोमट ऑइल पूर्ण आणि घाणीसकट निघतं. मात्र लांबच्या फेरीनंतर लगेच उघडू नका, हात भाजेल.

२. आधी भरायचा बोल्ट उघडा, मगच तळाचा. सगळं ऑइल खाली केल्यावर वरचा बोल्ट गंजून अडकलाय असं कळलं, तर गाडी जागीच अडकून पडते.

३. चुंबक पुसा, पण पुसण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. पुढच्या वेळी तुलना करता येते.

४. बोल्टचं वॉशर नवं टाका आणि ब्रीदर साफ करा. ब्रीदर तुंबला की आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर येतं.

५. ठरलेलं माप भरा. कमी भरलं तर बेअरिंग कोरडे राहतात, जास्त भरलं तर फेस होतो आणि सील गळतात. छोट्या पिकअपमध्ये साधारण दोन-तीन लिटर ऑइल लागतं, मोठ्या ट्रकमध्ये त्याच्या कितीतरी पट.

६. टिपर असेल तर हायड्रॉलिक पंपाला ताकद देणाऱ्या पीटीओचा जोडही बघा. तिथलं सील गेलं की पंपाचं ऑइल गिअरबॉक्समध्ये उतरू शकतं. गिअरबॉक्समध्ये ऑइल मापापेक्षा जास्त निघालं तर हा संशय घ्या.

ऑटोमॅटिक असेल तर मशीन फ्लशऐवजी साधी पद्धत वापरा: तळातून ऑइल काढा, फिल्टर बदलता येत असेल तर बदला, पॅन आणि चुंबक साफ करा आणि नवं ऑइल भरा. एका वेळी सगळं ऑइल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोड्या अंतराने हीच प्रक्रिया पुन्हा करतात. लेव्हल तपासायची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते. अनेकांमध्ये इंजिन चालू ठेवून, ऑइल ठराविक तापमानाला आल्यावरच लेव्हल बघतात. हे काम ती पद्धत माहीत असलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

काढलेलं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. ते डब्यात साठवा आणि पुनर्वापरासाठी गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या.

बदलल्यानंतर

पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर बोल्ट आणि सीलजवळ गळती बघा. निघालेलं ऑइल फारच घाण असेल, तर पुढची बदली नेहमीच्या अंतराची वाट न बघता लवकर करा. आणि तारीख, किलोमीटर, ऑइलचा प्रकार हे दरवाज्याच्या आतल्या बाजूला स्टिकरवर लिहा, बिल फाइलला लावा. उद्या हीच गाडी विकायला काढाल तेव्हा समोरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारेल आणि तुमच्याकडे दाखवायला कागद असेल.

तर मंडळी, गिअरबॉक्स बसतो तो झिजेमुळे, पाण्यामुळे, कमी किंवा चुकीच्या ऑइलमुळे. योग्य ऑइल वेळेवर भरल्यामुळे नाही. तुमच्या ओळखीत कुणी जुना ट्रक किंवा टेम्पो घ्यायच्या विचारात असेल, तर व्यवहार होण्याआधी हा लेख त्यांना नक्की पाठवा.